रानभाज्यांचा पाला: कोणता खायचा, कसा शिजवायचा आणि कुठे जपायचं?

मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की जव्हार, मोखाडा, विक्रमगडपासून इगतपुरी, पेठ, अकोल्यापर्यंतच्या आठवडे बाजारांत हिरव्या पाल्याचे वाटे दिसू लागतात. टाकळा, कुर्डू, कवळा, फोडशी, भारंगी, तेरा. ना बियाणं, ना खत, ना पाणी. बांधावर, माळावर, जंगलाच्या कडेला आपोआप उगवणारी ही भाजी. घरातला भात-नागली संपत आलेली आणि नवं पीक अजून लांब, अशा दिवसांत वारली, कातकरी, कोकणा, महादेव कोळी समाजाच्या कित्येक पिढ्यांना या पाल्याने आधार दिला आहे.

आता या भाज्यांची माहिती मोबाईलवरही फिरते. मात्र फोटो पाहून भाजी ओळखणं आणि आजीच्या हाताखाली शिकणं यात फरक आहे. रानभाजीत तीन गोष्टी बरोबर जमाव्या लागतात: झाड बरोबर, वय बरोबर आणि शिजवण्याची रीत बरोबर. यातली एक जरी चुकली तरी पौष्टिक भाजीच त्रास देऊ शकते.

पाल्यात असतं काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांच्या आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी आहे. लोह कमी पडणं हे त्यामागचं एक मोठं कारण. हिरव्या पाल्यात लोह, कॅल्शियम, फॉलिक ॲसिड, 'अ' आणि 'क' जीवनसत्त्व आणि चोथा असतो.

अंदाज यावा म्हणून दारातल्या शेवग्याचंच उदाहरण घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यानुसार शेवग्याच्या १०० ग्रॅम ताज्या पाल्यात सुमारे ३१४ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि साडेचार मिलिग्रॅम लोह असतं. तेवढ्याच गाईच्या दुधात कॅल्शियम सुमारे १२० मिलिग्रॅम असतं. पालकात लोह तीन मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे बाजारातून विकत आणलेल्या पालकापेक्षा दारचा शेवगा सरस.

पण हिशोबाची दुसरी बाजूही बघायला हवी. बाईमाणसाला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह मिळावं, अशी शिफारस आहे. शिवाय पाल्यातलं लोह शरीर पूर्ण शोषून घेत नाही, त्याचा थोडाच भाग रक्तापर्यंत पोहोचतो. तो वाढवायचा असेल तर भाजी शिजल्यावर वरून लिंबू पिळा किंवा सोबत आवळा, पेरू खा. 'क' जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं लागू पडतं. जेवणाबरोबर आणि जेवणानंतर लगेच चहा घेतला तर उलट होतं. चहा तासाभराने घ्यावा.

म्हणूनच गरोदर बाईला आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या 'आम्ही रानभाजी खातो' म्हणून बंद करू नयेत. भाजी आणि गोळी दोन्ही लागतात.

टाकळा (तरोटा, तरवटा)

सगळ्यात आधी उगवणारी आणि सगळ्यात जास्त खाल्ली जाणारी भाजी. मेथीसारखी दिसते. एका देठावर पानांच्या तीन जोड्या असतात. पान टोकाला गोल आणि देठाकडे निमुळतं. संध्याकाळी पानं मिटतात. रोप वीतभर होण्याआधी, फुलं येण्यापूर्वी फक्त कोवळे शेंडे खुडायचे. जून पाला उग्र वास मारतो.

करण्याची रीत: पाला धुऊन बारीक चिरायचा. तेलात कांदा, लसूण, हिरवी मिरची परतून त्यात भिजवलेली हरभऱ्याची किंवा मुगाची डाळ आणि पाला घालायचा, वाफेवर शिजवायचा. कुठे त्यात सुकट किंवा जवळा घालतात, कुठे वरून ओलं खोबरं. डाळ किंवा सुकट घातल्याने भाजीला प्रथिनांची जोड मिळते.

औषधी उपयोग: आयुर्वेदात टाकळ्याला चक्रमर्द म्हणतात. गजकर्ण, खरूज अशा कातडीच्या तक्रारींवर त्याचा लेप लावण्याची जुनी रीत आहे. पोट साफ होण्यासाठीही ही भाजी खातात, कारण टाकळ्यात सारक गुण आहे. याच कारणाने जुलाब चालू असताना ती खाऊ नये आणि गरोदरपणात बेताने खावी.

टाकळ्यासारखा दिसणारा कासविंदा

टाकळ्याच्याच कुळातलं कासविंदा हे झुडूप गावाच्या कडेला, उकिरड्याजवळ, रस्त्यालगत उगवतं. काही भागांत त्यालाच रानटाकळा म्हणतात, त्यामुळे नावातही गल्लत होते. पश्चिम उत्तर प्रदेशात सहारनपूर, बिजनौर या पट्ट्यात अनेक वर्षं पावसाळा सरताना लहान मुलं अचानक आजारी पडून दगावत होती. उलट्या, मग शुद्ध हरपणं, आणि बरीच मुलं काही दिवसांतच जात होती. आधी हा मेंदूज्वर समजला गेला. पुढे २००७ मध्ये डॉक्टरांनी अभ्यास प्रसिद्ध करून दाखवलं की मुलं खेळताना कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खात होती आणि त्यांच्या विषाने यकृत, स्नायू आणि मेंदूवर परिणाम होत होता.

फरक असा ओळखा:

• टाकळा: पानांच्या तीन जोड्या, टोक गोल. शेंग बारीक, लांब आणि विळ्यासारखी वाकलेली.
• कासविंदा: पानांच्या चार ते सहा जोड्या, टोक अणकुचीदार. पान चुरगाळलं की घाण वास. शेंग चपटी आणि टाकळ्याच्या शेंगेपेक्षा रुंद.

घराजवळ, अंगणवाडीजवळ, शाळेच्या कुंपणाशी कासविंदा उगवला असेल तर शेंगा धरण्याआधीच उपटून टाकावा. पोरांना शेंगांशी खेळू देऊ नये.

कुर्डू

शेतात, बांधावर उगवणारं, लांबट पानांचं रोप. पुढे त्याला पांढरा-गुलाबी तुरा येतो. तुरा यायच्या आधीचा पाला भाजीला चांगला. कांदा-लसणावर नुसती परतली तरी चवदार लागते, डाळ घालूनही करतात. खोकला आणि लघवीच्या तक्रारींवर कुर्डूचा पाला आणि बी वापरण्याची गावोगावी रीत आहे.

'मुतखड्यावर कुर्डू खा' असं सांगितलं जातं, तिथे मात्र जपायला हवं. कुर्डूच्या पाल्यात ऑक्झलेट भरपूर असतं आणि बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच बनतात. ज्याला खडा आहे किंवा होऊन गेला आहे त्याने कुर्डू, घोळ, आंबुशी, माठ, अळू या भाज्या रोज खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं. पाणी भरपूर प्यावं.

कवळा

श्रावणाच्या सुमाराला माळरानावर, भातशेतीच्या बांधावर दिसणारी, बारीक पानांची नाजूक भाजी. हात लावला की लाजाळूसारखी पानं मिटते, पण लाजाळूला काटे असतात, कवळ्याला नसतात. फूल पिवळं. पाला बारीक चिरून मुगाची किंवा चण्याची डाळ घालून करतात. चव सौम्य असल्याने पोरांनाही आवडते. रानभाजीची सवय नसलेल्या घराने सुरुवात कवळ्यापासून करायला हरकत नाही.

भारंगी

जंगलाच्या कडेला वाढणारं झुडूप. पान लांबट, कडेला करवतीसारखे दाते, फूल निळसर-पांढरं. अगदी कोवळी पानंच घ्यायची. चव कडू. म्हणून पाला चिरून उकळत्या पाण्यात शिजवतात, पाणी पिळून टाकतात आणि मग कांदा, भिजवलेले वाल किंवा मूग घालून परततात. फुलांचीही भाजी होते.

दमा, खोकला, कफ यांवर भारंगी हे आयुर्वेदातलं जुनं औषध आहे. औषधात मुख्यतः मूळ वापरतात, भाजी पानांची होते. भाजी खाल्ली म्हणून दम्याचा पंप सोडणं धोक्याचं आहे.

घोळ

ओलसर जमिनीत पसरणारी, लालसर देठाची, मांसल पानांची आंबटसर भाजी. बारीक पानांची चिवळ तिच्याच कुळातली. एरवी मासे, जवस यांत मिळणाऱ्या ओमेगा-३ या प्रकारच्या स्निग्धांशाचा अंश घोळीत असतो. पालेभाज्यांत हे विशेष आहे. घोळीचं ताकातलं किंवा डाळीतलं पातळ पिठलं चांगलं लागतं.

घोळीशेजारीच जमिनीला चिकटून वाढणारी दुधी उगवते. ओळख सोपी आहे. देठ मोडून बघा, पांढरा चीक आला तर ती घोळ नाही. घोळीतून पाण्यासारखा रस येतो.

तेरा आणि रानअळू

दगडांच्या फटीत, कड्याकपारीत, ओढ्याच्या काठाला वाढतात. यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक कण असतात. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं खाल्लं की हे कण जिभेला, घशाला टोचतात आणि खाज सुटते. चिरताना हातालाही खाजतं, म्हणून बायका आधी हाताला तेल लावतात. देठ सोलायचे, पानं धुऊन चिंच, आमसूल किंवा काकडाची फळं यांसारखं आंबट घालून पूर्ण गळेपर्यंत शिजवायची. घाई चालत नाही. शेवळं आणि सुरणाचा पाला यांनाही हाच नियम.

खाल्ल्यावर घसा नुसता खवखवला तर थोड्या वेळाने बरं वाटतं. पण जीभ, ओठ सुजले किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागलं तर घरी थांबू नका. दवाखाना गाठा.

फोडशी (कुलू)

कांद्याच्या पातीसारखी दिसणारी, जंगलाच्या उतारावर पहिल्या पावसात फुटणारी भाजी. फूल पांढरं. पातीत माती अडकलेली असते, म्हणून एकेक पात सुटी करून दोन-तीन पाण्यांनी धुवायची. बुडाचा जाड भाग काढून टाकायचा. चिरून कांद्यावर परतायची, किंवा बेसन, तांदळाचं पीठ लावून वडे करायचे.

त्याच दिवसांत, तशाच जागी कळलावी उगवते. तिचा कंद सगळ्यात विषारी, पण पानंही खायची नाहीत. त्यातलं कोल्चिसीन हे विष जीव घेऊ शकतं. कळलावीच्या पानाचं टोक वळलेल्या तारेसारखं असतं आणि त्याच्या आधाराने ती वर चढते. पुढे लाल-पिवळं, ज्वाळेसारखं फूल येतं. फोडशीच्या पातीला असं वळलेलं टोक नसतं. शंका आली तर फोडशी फुलेपर्यंत थांबा आणि जागा लक्षात ठेवा. पुढच्या वर्षी चूक होणार नाही.

दारातल्या, शेतातल्या आणखी काही

• माठ, तांदुळजा, काटेमाठ: तण म्हणून उपटून टाकतात, पण लोह आणि कॅल्शियम दोन्ही चांगलं. काटेमाठाचे कोवळे शेंडेच घ्या.
• पाथरी: जमिनीलगत पसरणारी, चीक येणारी, किंचित कडू. कोवळी पानं भाकरीबरोबर कच्ची खातात. कच्ची खाताना धुणं फार महत्त्वाचं.
• केना: पानांची भजी आणि भाजी.
• आंबुशी: तीन पाकळ्यांसारखी पानं, आंबट चव. चटणीत किंवा डाळीत थोडी.
• शेवगा, हादगा: झाड एकदा लावलं की बारा महिने पाला. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून कुटून ठेवला तर उन्हाळ्यात पिठात, आमटीत चमचाभर घालता येतो.

शिजवताना

पाला चिरण्याआधी धुवा. चिरून धुतला तर जीवनसत्त्वं पाण्याबरोबर जातात. कडू किंवा खाजऱ्या भाजीचं उकळलेलं पाणी टाकणं गरजेचं आहे, पण माठ, शेवगा, कवळा यांचं पाणी टाकण्याचं कारण नाही. त्या थोड्या पाण्यात, झाकण ठेवून शिजवा. तेल अगदीच वगळू नका, 'अ' जीवनसत्त्व अंगी लागायला थोडं तेल लागतंच.

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला वरण-भातात किंवा पेजेत माठ किंवा शेवग्याचा शिजवून घोटलेला पाला अर्धा-एक चमचा देता येतो. खाजऱ्या, कडू आणि सारक भाज्या तान्ह्यांना नकोत.

भाजी आणि औषध यात फरक

जेवणात वाटीभर भाजी खाणं वेगळं आणि तिचा रस, काढा, चूर्ण रोज पिणं वेगळं. गुळवेलीचंच बघा. करोनाच्या काळात घरोघरी तिचा काढा सुरू झाला. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही आणि दुसऱ्या जातीच्या, तशाच दिसणाऱ्या वेलीशी गल्लत झालेली असू शकते, असं म्हटलं. दोघांत कोण बरोबर हा वाद बाजूला ठेवला तरी वेल नीट ओळखल्याशिवाय आणि वैद्याला विचारल्याशिवाय काढा महिनोन्महिने घेऊ नये, हे उरतंच.

या लोकांनी जास्त जपावं:

• मूत्रपिंडाचा आजार किंवा डायलिसिस चालू असलेले. पाल्यातलं पोटॅशियम त्यांना चालेलच असं नाही.
• वॉरफेरिनसारखी रक्त गोठू न देणारी गोळी घेणारे. पाल्यातलं 'के' जीवनसत्त्व त्या गोळीचा परिणाम कमी करतं. एकदम भरपूर पाला सुरू करू नये किंवा एकदम बंदही करू नये.
• गरोदर बायका. ओळखीची भाजी जेवणात चालते. नवी, अनोळखी भाजी आणि काढे नकोत.

खुडताना

• ज्या झाडाची खात्री नाही ते घेऊ नका. गावातल्या जाणत्या बाईला दाखवा. फोटोवरून निर्णय नको.
• मुळासकट उपटू नका. शेंडे खुडले तर पुन्हा फुटवे येतात. काही रोपं बी धरण्यासाठी सोडा.
• महामार्गाच्या कडेचा, सांडपाण्याच्या नाल्यालगतचा, कारखान्याजवळचा पाला टाळा.
• गवतात हात घालण्याआधी काठीने हलवून बघा. पावसाळ्यात फुरसं, घोणस अशाच जागी असतात.

तणनाशकाचा धोका

बांधावर, भाताच्या खाचराजवळ तणनाशक मारण्याचं प्रमाण वाढलं आहे. मजूर मिळत नाहीत, खुरपणीचा खर्च परवडत नाही, हे खरंच. पण फवारणीला तण आणि भाजी असा फरक कळत नाही. कुर्डू, माठ, केना, घोळ, टाकळा सगळं एकदम जातं.

त्याहून मोठी काळजी म्हणजे ग्लायफोसेटसारखं तणनाशक मारल्यावर पाला लगेच वाळत नाही. काही दिवस तो हिरवागारच दिसतो. शेजारच्या बाईला फवारणी झाल्याचं ठाऊक नसेल तर ती तोच पाला खुडून घरी नेते. म्हणून फवारणी करणाऱ्याने बांधावर कापडाची चिंधी बांधावी, शेजाऱ्यांना सांगावं आणि भाजी खुडणाऱ्याने शेतमालकाला विचारूनच हात लावावा. घराजवळचा एखादा बांध फवारणीशिवाय ठेवला तर पावसाळाभर घरची भाजी सुटते. जास्तीचा पाला बाजारात वाट्याने विकूनही दोन पैसे मिळतात. कृषी विभाग आणि 'आत्मा'तर्फे ऑगस्टच्या सुमारास तालुक्याच्या ठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात. बचत गटांना तिथे विक्री करता येते आणि नवख्यांना भाज्या प्रत्यक्ष हातात घेऊन ओळखता येतात.

त्रास झाला तर

भाजी खाल्ल्यावर सारख्या उलट्या, जुलाब, चक्कर, धूसर दिसणं, बडबड, झापड किंवा श्वासाचा त्रास झाला तर १०८ वर फोन करा किंवा जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. उरलेली भाजी आणि शक्य असेल तर त्या झाडाची फांदी, पानं, शेंगा सोबत न्या. काय खाल्लं ते कळलं तर डॉक्टरांना उपचार लवकर ठरवता येतात. तीच भाजी खाल्लेल्या घरातल्या बाकीच्यांनाही तपासून घ्या.

लक्षात ठेवा

१. पूर्ण ओळख पटली तरच खुडा. टाकळ्याच्या तीन जोड्या, घोळीला चीक नाही, कळलावीच्या पानाला वळलेलं टोक.
२. कोवळा पाला घ्या, फुलं आल्यावर सोडा.
३. कडू आणि खाजरी भाजी नीट उकळा, बाकीच्यांचं पाणी टाकू नका.
४. वरून लिंबू, जेवणाबरोबर चहा नको.
५. फवारलेल्या बांधावरचा पाला नको.
६. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या भाजीच्या भरवशावर सोडू नका.

या भाज्यांची ओळख अजूनही बहुतेक गावांत साठी-सत्तरीच्या बायकांकडेच आहे. येत्या पावसाळ्यात घरातल्या किंवा शेजारच्या आजीबरोबर पोरांना एकदा रानात पाठवा. एका फेरीत चार भाज्या ओळखता आल्या तरी पुष्कळ झालं.